श्यामचे मोठे होणे

नाशिकरोडच्या तुरुंगावरून जाताना मला श्याम आठवतो. १९३३ च्या फेब्रुवारीत, अवघ्या पाच दिवसांत, साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ इथेच लिहिली. श्याम म्हणजे ते स्वतःच. वय तेव्हा तेहतीस.

तिकडे इंग्लंडात मिल्न यांनी आपल्या पोराला, ख्रिस्तोफर रॉबिनला, लहानपणीच पुस्तकात बसवले. पुढे शाळेत मुलांनी त्याला त्यावरून छळले. सहा वर्षांच्या पोराला विचारतो कोण?

आमचा श्याम आधी मोठा झाला, मग पुस्तकात गेला. म्हणून तर आपली चोरी, आपला भित्रेपणा त्याने आपल्याच तोंडाने सांगितला. बालपण ज्याचे, सांगण्याचा हक्कही त्याचाच.

विचारायचे राहिले ते आईला. ती १९१७ सालीच गेलेली. असती, तर ‘माझे कसले रे पुस्तक!’ म्हणून चुलीकडे वळली असती.