दारूची गोडी

उपदेश करणें हा आमचा व्यवसाय आहे. तीस वर्षें कॉलेजांत इंग्रजी वाङ्मय शिकवून ज्यास दुसऱ्याला शहाणपण सांगण्याची खोड लागली नाहीं असा प्राध्यापक विरळाच. या खोडीचा सर्वांत अधिक ताप कोणास झाला असेल तर तो आमच्या मावसभावास, अण्णास. अण्णा आम्हांहून चार वर्षांनीं वडील. तरी त्याच्या दारूवर आम्हीं त्याला जितकीं व्याख्यानें दिलीं तितकीं वर्गांतल्या कोणत्याहि विद्यार्थ्यास दिलीं नसतील. मनोनिग्रह, घराण्याचें नांव, वहिनींचे अश्रू, मुलांचें भवितव्य, यांपैकीं कांहींच वगळलें नाहीं. 'एकच प्याल्या'तील सुधाकराचा दाखलाहि देऊन झाला. अण्णा शांतपणें ऐकून घेई, "तुझें सगळें खरें आहे," म्हणे, आणि संध्याकाळीं पुन्हां बाहेर पडे.

२००९ सालीं एके दिवशीं वहिनींनीं आम्हांस बाजूस बोलावलें. डायसल्फिराम नांवाच्या गोळीची पूड जेवणांत कालवली म्हणजे माणूस दारूला भितो, असें त्यांस कोणीं सांगितलें होतें. "भावोजी, घालूं का?" आम्हीं घाला म्हणून सांगितलें. डॉक्टरास विचारलें नाहीं. अण्णास तर नाहींच नाहीं.

हें औषध दारूवर आहे हें खरें. १९४८ सालीं डेन्मार्कमधील हाल्ड व याकोबसेन यांनीं त्याचा हा गुण जगापुढें मांडला. दारू पोटांत गेली कीं तिच्यापासून शरीरांत ॲसिटाल्डिहाइड नांवाचें विष तयार होतें आणि यकृत त्याचा लागलीच निचरा करतें. डायसल्फिराम हा निचरा बंद पाडतें. मग तोंड लालभडक होतें, छाती धडधडते, वांत्या होतात, रक्तदाब उतरतो. क्वचित् प्राणावरहि बेततें. ज्यास हें ठाऊक आहे तो भीतीनें प्यालाच उचलीत नाहीं, आणि औषधाचें सारें बळ त्या भीतींतच आहे. ज्यास ठाऊक नाहीं त्याच्यावर मात्र तो सरळ सरळ विषप्रयोग होय. अण्णा तिसऱ्या दिवशीं रस्त्यांत कोसळला. रुग्णालयांत दोन रात्री गेल्या, तेथील डॉक्टरांनीं खोदून विचारलें, आणि आमटींतली पूड उघडकीस आली. अण्णानें भांडण केलें नाहीं. आम्हांस एवढेंच म्हणाला, "तूं इतकीं वर्षें नुसता बोलत होतास, तें बरें होतें."

त्यानंतर सहा वर्षांनीं तो आपण होऊन एका मनोविकारतज्ज्ञाकडे गेला. सोबत येण्याची परवानगी आम्हांस कां मिळाली हें आम्हांस आजवर उमगलेलें नाहीं. तेथें बसून आम्हीं जें ऐकलें त्यानें आमच्या निग्रहशास्त्राचा पायाच हलला. अफूसारखीं द्रव्यें माणसाचा मेंदू स्वतःच निर्माण करतो. त्यांस धरून ठेवणारे रिसेप्टर म्हणजे जणु कुलपें मेंदूंत असतात, हें १९७३ सालीं बाल्टिमोर येथें पर्ट व स्नायडर यांच्या प्रयोगांनीं दिसून आलें. दारू प्यालें कीं हीं द्रव्यें सुटतात, त्यांची किल्ली कुलपांत फिरते, आणि पिणें सुखाचें आहे हा धडा मेंदू पुन्हां एकदां गिरवतो. हजारों संध्याकाळीं गिरवलेला धडा आमच्या व्याख्यानानें कसा पुसावा? नाल्ट्रेक्सोन ही अशी किल्ली आहे कीं ती कुलपांत बसते, पण फिरत नाहीं. खऱ्या किल्लीस बाहेरच ताटकळावें लागतें. हें औषध १९६३ सालीं तयार झालें. अमेरिकेंत १९८४ सालीं अफूवर्गीय व्यसनांसाठीं आणि १९९४ सालीं दारूसाठीं त्यास मान्यता मिळाली.

याच औषधाच्या पायीं फिनलंडांत एक मोठी गंमत झाली आहे. दारू विकणाऱ्या तेथील सरकारी कंपनीच्या प्रयोगशाळेंत उंदरांवर प्रयोग करणारे सिंक्लेअर नांवाचे शास्त्रज्ञ सांगूं लागले कीं पिण्यापूर्वीं एक तास गोळी घ्यावी आणि मग खुशाल प्यावें; सुख मिळेनासें झालें कीं मेंदू शिकलेलें आपोआप विसरतो. "गोळी घेऊन प्या" हें वाक्य आमच्यासारख्या उपदेशकाच्या घशाखालीं उतरावयास फार दिवस लागले. अण्णाच्या डॉक्टरांनीं तें सांगितलें नाहीं. त्यांनीं यकृत तपासलें, अफूवर्गीय वेदनाशामक चालू नाहीं याची खात्री करून घेतली, आणि रोज सकाळीं ५० मिलिग्रॅमची एक गोळी दिली.

ही कांहीं संजीवनी नव्हे. २०१४ सालच्या एका मोठ्या आढाव्याचा हिशेब असा कीं बारा जणांस ही गोळी द्यावी तेव्हां त्यांतला एक जास्तीचा माणूस पुन्हां बेसुमार पिण्यापासून वांचतो. अण्णा त्या बाराव्यांत बसला असावा. तिसऱ्या आठवड्यांत त्याचा फोन आला. "अरे, काल एक घेतली, आणि दुसरी मागवायची आठवणच झाली नाहीं." आवाजांत आनंदापेक्षां आश्चर्य अधिक होतें. ज्यास आम्ही वीस वर्षें चारित्र्याचा दोष समजत आलों, तो त्याच्या बाबतींत एका आठवणीच्या जोरावर उभा होता.

निग्रहास कांहींच काम उरलें नाहीं असें मात्र नव्हे. २०१७ सालीं मुलाच्या लग्नांत अण्णानें गोळी बुद्ध्याच खणांत ठेवली आणि तीन दिवस पूर्वीसारखी मजा केली. पेल्यापुढें जो निग्रह आम्ही त्याच्याकडे मागत होतों तो आतां सकाळच्या चहाच्या बशींत आला आहे, एवढाच फरक. चवथ्या दिवशीं गोळी त्यानें स्वतःच मागून घेतली. वहिनी ती सर्वांदेखत बशींत ठेवतात. कुटून कशांत घालीत नाहींत.

गेल्या दिवाळींत आम्ही त्याच्याकडे जेवावयास होतों. अण्णा आतां वर्षांतून चार-दोन वेळां पितो, तेंहि बेतानें. वहिनींनीं आमटी वाढली. अण्णानें वाटी उचलली, नाकाशीं नेली, क्षणभर वास घेतला, आणि मग भुरका मारला. वहिनी भात वाढीत राहिल्या. आम्ही ताटाकडे पाहत बसलों.