छपराखालचे गवत

अमेरिकेच्या टेक्सस राज्यात, मेक्सिकोच्या आखातापासून थोड्याच अंतरावर वसलेल्या ह्यूस्टन शहराचा उन्हाळा आपल्या कोकणातील वैशाखाची आठवण करून देणारा आहे. तसाच दमट, आणि डासही तसेच. अशा हवेत बेसबॉलचा सामना पाहणे प्रेक्षकांना नकोसे होई. म्हणून माजी नगराध्यक्ष रॉय हॉफहाइन्झ यांच्या खटपटीने तेथे सबंध क्रीडांगणच छपराखाली घेण्यात आले व ते वातानुकूलित करण्यात आले. १९६५ च्या एप्रिलात खुल्या झालेल्या या ॲस्ट्रोडोमच्या घुमटाला चार हजारांहून अधिक पारदर्शक तावदाने होती आणि आत बर्म्युडा गवत लावलेले होते. हे गवत आपल्या हरळीच्या, म्हणजे गणपतीला वाहतो त्या दूर्वेच्याच कुळातले.

परंतु उंच उडालेला चेंडू तावदानांच्या लखलखाटात खेळाडूंना दिसेना. तेव्हा तावदानांना रंग फासण्यात आला. डोळ्यांची सोय झाली आणि गवत मात्र उपाशी राहिले! ते मेले, आणि उरलेला हंगाम मेल्या गवताला व मातीला हिरवा रंग देऊन पार पाडावा लागला. पुढच्याच वर्षी, १९६६ साली, तेथे मोन्सँटो कंपनीचे नायलॉनचे गवत अंथरले गेले आणि ‘ॲस्ट्रोटर्फ’ हे त्याचे नाव जगभर झाले.

जेथे सूर्यच पोहोचत नाही, तेथे या युक्तीला नावे ठेवता येणार नाहीत. नवल वाटते ते पुढच्या गोष्टीचे. सूर्याच्या अभावी नावारूपाला आलेली ही वस्तू शहरांनी भर उन्हात, शाळांच्या पटांगणांवर, गच्च्यांवर आणि घरांपुढच्या अंगणांत पसरली. खरे गवत मुळांनी शोषलेले पाणी पात्यांतून वाफेच्या रूपाने सोडते व स्वतःबरोबर भोवतालची हवाही थंड राखते. प्लॅस्टिकच्या पात्याला ही विद्या अवगत नाही. कडक उन्हात त्याचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सियसच्याही वर तापतो. मग पाण्याची बचत म्हणून आणलेल्या या गवतावर ते निवविण्यासाठी पुन्हा पाणीच मारायचे! खेळाच्या मैदानांत पात्यांच्या बुडाशी बहुधा जुन्या टायरांचा रबरी चुरा भरतात. पावसाबरोबर तो चुरा आणि झिजलेल्या पात्यांचे तुकडे गटारांवाटे नदीनाल्यांत जातात. युरोपीय संघाने २०२३ साली अशा चुऱ्याच्या विक्रीवर बंदी घालण्याचे ठरविले, मात्र मैदानांसाठी ८ वर्षांची मुदत ठेवली.

ॲस्ट्रोडोम आजही उभा आहे, पण तेथे सामने होत नाहीत. ह्यूस्टनचा बेसबॉल संघ २००० साली नव्या मैदानावर गेला. त्या मैदानाचे छप्पर सरकते करण्यात आले आणि खाली खरे गवत लावण्यात आले.