हे कोणत्या प्रकरणातलं?

दिवाळीच्या सुट्टीआधी बीजगणित संपवायचं, नाताळापर्यंत भूमिती आणि जानेवारी लागला की नुसत्या प्रश्नपत्रिका. दहावीच्या गणिताचं वर्ष असंच आखायचं असतं, असं मी बरीच वर्षं मानत आले. नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांनाही हेच सांगत आले. आता मी तसं आखत नाही. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणीसारख्या गावात, जिथे शाळेचं वर्ष आणि शेताचं वर्ष एकमेकांत शिरलेलं असतं, तिथे तर तसं आखूच नये असं माझं मत झालं आहे.

जुन्या मताच्या बाजूनेही बरंच बोलण्यासारखं आहे, आणि ते आधी बोललं पाहिजे. आमच्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात. बाकी महाराष्ट्रात तोवर आठवडाभराचं तरी शिकवून झालेलं असतं. पलीकडच्या टोकाला बोर्डाची परीक्षा अलीकडे सरकते आहे. पूर्वी दहावीचा पहिला पेपर मार्चमध्ये असायचा, २०२५ साली तो २१ फेब्रुवारीला झाला. म्हणजे वर्ष दोन्ही बाजूंनी आखूड. त्यात गणित भाग १ आणि भाग २, प्रत्येकी ४० गुणांचे दोन तासांचे दोन पेपर आणि २० गुण अंतर्गत. २०१८ पासूनच्या बालभारतीच्या पुस्तकांत बीजगणिताची ६ प्रकरणं, भूमितीची ७. एवढी १३ प्रकरणं हातातल्या महिन्यांत बसवायची तर एकेक प्रकरण घ्यावं, सरावसंच सोडवून घ्यावेत, संकीर्ण प्रश्नसंग्रह गृहपाठाला द्यावा, चाचणी घ्यावी आणि पुढे जावं, यापेक्षा सरळ वाट दिसत नाही. पालकसभेत पहिला प्रश्न ‘कोर्स कुठपर्यंत आला?’ हाच असतो. त्याला ‘झाला’ असं उत्तर देता आलं की पालक निश्चिंत होतात, मुलंही होतात. तो दिलासा खोटा नसतो. ज्या घरात दहावीपर्यंत पोचलेलं ते पहिलंच मूल असतं, तिथे तर तो दिलासा फार मोलाचा असतो.

माझं मत हलवलं ते सावलीच्या एका गणिताने. जानेवारी होता, सगळी प्रकरणं शिकवून झाली होती. फळ्यावर लिहिलं: १.५ मीटर उंचीच्या काठीची सावली २ मीटर पडते, त्याच वेळी एका मनोऱ्याची सावली १२ मीटर पडते, तर मनोऱ्याची उंची किती? गणित सोपं. दोन समरूप त्रिकोण, एक गुणोत्तर, उत्तर ९ मीटर. समरूपता हे भूमितीचं पहिलंच प्रकरण. ते जुलैमध्ये झालं होतं आणि त्याच्या चाचणीत वर्गाला चांगले गुण होते. पण डिसेंबरभर त्रिकोणमिती चालली होती. वर्गातल्या बहुतेकांनी ‘मनोरा’ आणि ‘सावली’ हे दोन शब्द वाचले आणि टॅन थीटा मांडला. कोन दिलेला नव्हता, तर तो शोधायला बसले. टॅन थीटा तीन चतुर्थांश येत होता. ३०, ४५, ६० यांतलं काहीच जुळेना. पहिल्या बाकावरच्या एका हुशार मुलीने दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा आकृती काढली आणि विचारलं, “मॅडम, हे कोणत्या प्रकरणातलं हाये?”

प्रश्न ओळखीचाच होता. दरवर्षी कोणी ना कोणी विचारायचं, मीही ‘समरूपता’ म्हणून सांगून टाकायची, आणि वर्ग भराभर सोडवायचा. त्या दिवशी मात्र मी उत्तर दिलं नाही. कारण बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेत गणिताच्या डोक्यावर प्रकरणाचं नाव छापलेलं नसतं. कोणतं साधन उचलायचं ते ओळखणं हेच निम्मं गणित असतं, आणि माझ्या नियोजनात त्या निम्म्याचा सराव कुठेच नव्हता. वर्गसमीकरणांच्या महिन्यात आलेलं प्रत्येक गणित वर्गसमीकरणाचंच असणार, हे मुलाला वाचण्याआधीच ठाऊक असतं. तो अवयव पाडायला शिकतो. अवयव पाडायची वेळ कधी आली हे ओळखायला शिकत नाही. मग जानेवारीत पेपर हातात पडतो तेव्हा सगळं एकदम समोर येतं आणि आम्ही म्हणतो, मुलं विसरली.

विसरणं तर असतंच. पण ते टाळण्याचा उपाय म्हणून मी शेवटी दोन महिने उजळणीला ठेवत होते, आणि तिथेच विचार फिरला. उजळणी शेवटी एकदम करण्यापेक्षा वर्षभर थोडी थोडी विखरून केली तर काय होईल? हा काही माझा शोध नव्हे. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात डग रोहरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सातवीच्या ५४ वर्गांवर गणिताचा असाच प्रयोग केला आणि २०२० मध्ये तो प्रसिद्ध झाला. काही वर्गांना एका वेळी एकाच प्रकारची गणितं दिली, काहींना तीच गणितं सरमिसळ करून दिली. सराव संपल्यावर महिन्याने, आधी न सांगता, चाचणी घेतली. सरमिसळ सराव केलेल्यांना सरासरी ६१ टक्के, एकाच प्रकारचा सराव केलेल्यांना ३८ टक्के. शिक्षक तेच, गणितं तीच, क्रम तेवढा वेगळा. हे आकडे वाचले तेव्हा मला तो सावलीचा फळा दिसला.

पण फ्लोरिडातल्या शाळेचं वेळापत्रक उचलून हिंगणीत आणता येत नाही. इथे दुसरी एक गोष्ट आहे, जी मी वर्षानुवर्षं पाहत होते आणि नियोजनाच्या कागदावर कधी लिहीत नव्हते. ऑक्टोबरात सोयाबीन निघतं. दिवाळीच्या पुढेमागे कापूस फुटतो आणि वेचणीला हात कमी पडतात. बोर अभयारण्याच्या काठचं हे गाव. २०१४ साली त्या अभयारण्याचा व्याघ्रप्रकल्प झाला, आणि त्याच्या आजूबाजूच्या शेतांत रानडुकरांचा त्रास तर रोजचा. घरचा कर्ता माणूस रात्री जागलीला गेला की सकाळची कामं पोराबाळांवर येतात. जंगलाकाठच्या वस्त्यांवरच्या मुलांना अंधार पडायच्या आत घरी पोचायचं असतं, म्हणून संध्याकाळचे जादा तासही लांबवता येत नाहीत. अशा आठवड्यांत पट तोच असतो आणि बाकं रिकामी असतात. जुन्या आखणीत नेमके तेच दिवस भूमितीच्या सर्वांत कठीण भागाचे होते: वर्तुळ, स्पर्शिका, आंतरलिखित कोन. ज्या मुलाचं त्या पंधरवड्यात वर्तुळ बुडालं, त्याला पुढची स्पर्शिकेची रचनाही लागेना. मी हजेरीवर लाल शेरे मारत होते आणि पालकांना बोलावत होते. मुलाने शाळेत यायलाच हवं, हे मी आजही तेवढ्याच ठामपणे म्हणते. पण तो येणार नाही हे कित्येक महिने आधी माहीत असताना त्या दिवसांत वर्तुळ ठेवायचं कशाला?

म्हणून आता जूनमध्ये नियोजनाचा कागद घेते तेव्हा आधी प्रकरणं लिहीत नाही. आधी पोळा आणि तान्हा पोळा, गौरी-गणपती, सोयाबीनची कापणी, दिवाळी, वेचणीचे आठवडे, स्नेहसंमेलन, पूर्वपरीक्षा हे लिहिते. मग उरलेल्या जागेत प्रकरणं बसवते, आणि ती कशाच्या आधारावर उभी आहेत ते पाहून. समरूपता, पायथागोरसचं प्रमेय आणि त्रिकोणमिती हे एकाच त्रिकोणाकडे बघण्याचे तीन मार्ग आहेत, तर ते पाठोपाठ घेते, म्हणजे सावलीचं गणित तिन्ही अंगांनी एकाच वेळी समोर येतं. दोन चलांतील रेषीय समीकरणांचा आलेख काढून झाला की लगेच निर्देशक भूमिती. वर्तुळ आणि भौमितिक रचना सप्टेंबरात, हजेरी भरलेली असताना. अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी ही प्रकरणं बाकीच्यांवर फारशी अवलंबून नाहीत. चार दिवस बुडाले तरी परत आलेल्या मुलाला मैत्रिणीच्या वहीवरून गाठता येतात. ती वेचणीच्या आठवड्यांत. महत्त्वमापन शेवटी, कारण त्यात सगळ्याचाच सराव होतो.

सांख्यिकी वेचणीत ठेवण्याचा एक फायदा मला आधी सुचलाही नव्हता. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, तेव्हा प्रत्येक घरात रोजचं वजन लिहिलेलं असतं. मुलांना ती वजनं आणायला सांगितली, वर्ग पाडले, वारंवारता सारणी केली, मध्य, मध्यक आणि बहुलक काढले. एका मुलीने सारणीकडे पाहून सांगितलं की सकाळची आणि दुपारची वजनं एकत्र घेणं बरोबर नाही. “सकाळचा कापूस दहिवरानं वला रायते मॅडम, वजन जास्त भरते.” वर्गाने दोन सारण्या केल्या. सामग्री कशी गोळा केली यावर उत्तर अवलंबून असतं, हे मी कितीतरी वेळा तोंडाने सांगितलं होतं. आठवडाभर शेतात असलेल्या त्या मुलीने ते साऱ्या वर्गाला दाखवलं, आणि आदल्या आठवड्याच्या गैरहजेरीने ती मागे पडली नव्हती, उलट वर्गाच्या पुढे होती.

हे वर्ध्यात घडावं यात नवल नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली ती वर्ध्यालाच. तिथून झाकीर हुसेन समिती नेमली गेली आणि नई तालीमची आखणी झाली. हाताच्या कामाशी विषयांची सांगड घालायची, सूत मोजता मोजता हिशेब शिकायचा, असा तो विचार. सेवाग्राम इथून लांब नाही. तरी मी तो विचार जसाच्या तसा घेत नाही, हेही सांगायला हवं. वर्गसमीकरण कापसातून शिकवण्याचा अट्टाहास मी करणार नाही. ते ओढूनताणून होतं आणि मुलांना ते लगेच कळतं. मुलांना शुद्ध बीजगणिताचा आनंदही मिळायला हवा. कामाच्या दिवसांशी भांडून वर्ष आखू नये, एवढं मात्र मी त्यातून घेतलं आहे.

गृहपाठ पूर्ण बदलला. पूर्वी आजच्या सरावसंचातली सगळी उदाहरणं द्यायची. आता रोज पाच: दोन आजच्या घटकातली, दोन मागच्या महिन्यांतली, एक नववीचं. कोणतं कुठलं ते लिहायचं नाही. नववीचं एक मी मुद्दाम ठेवते. बहुपदी आणि अवयव कच्चे असतील तर वर्गसमीकरण उभंच राहत नाही, आणि उणे पाच उणे तीन बरोबर उणे दोन असं लिहिणारं मूल दहावीतही असतं. त्याला एकदा समजावून भागत नाही; ते चिन्ह त्याच्या हाताखालून महिनोन्महिने जावं लागतं. उणे चिन्हाची चूक आणि पद्धत न ओळखण्याची चूक मी आता वहीत वेगवेगळ्या खुणांनी दाखवते, कारण दोन्हींचे इलाज वेगळे.

या पद्धतीची किंमत आहे आणि ती मुलांनाच मोजावी लागते, म्हणून ती लपवणं बरं नव्हे. पहिल्या दोन-तीन चाचण्यांत गुण घसरतात. पूर्वी प्रकरण संपताच चाचणी व्हायची, पंधरापैकी बारा-तेरा पडायचे. आता सरमिसळ चाचणीत आठ-नऊ. ज्या मुलाला गणिताची आधीच धास्ती आहे, त्याला ऑगस्टमध्ये हे सोसवणं कठीण जातं. त्याच्यासाठी मी दोन ओळखीची उदाहरणं आधी ठेवते, मग अनोळखी. गृहपाठाला वेळही जास्त लागतो. सत्रपरीक्षेचा पेपर ठरलेल्या प्रकरणांवर असतो, घटक नियोजन आणि टाचणही प्रकरणवारच लिहावं लागतं, तेव्हा दोन आखण्या सांभाळाव्या लागतात. एका पालकाने मला सरळ विचारलं, “दिवाळी आली, अन् तुमचा अर्धाच कोर्स झाला?” मी त्यांना मुलाची वही उघडून दाखवली: त्याच आठवड्यात त्याने जुलैतली, ऑगस्टमधली आणि नववीतली उदाहरणं न विचारता सोडवली होती. त्यांचं समाधान पूर्ण झालं नाही. त्यांची काळजी रास्त आहे. परीक्षा त्यांच्या मुलाची आहे.

जुन्या आखणीतली एक गोष्ट मी सोडलेली नाही. पूर्वपरीक्षेनंतर दोन तासांची घड्याळ लावलेली पूर्ण प्रश्नपत्रिका हवीच. वेळ पुरवणं, सोपं आधी सोडवणं, पायऱ्या मांडणं हे वेगळं कौशल्य आहे आणि ते शेवटीच पक्कं होतं. फक्त आता त्या पेपरांत मुलं प्रकरणं आठवत बसत नाहीत. प्रश्न वाचतात, आकृती काढतात, काय दिलंय ते लिहितात आणि मग ठरवतात.

राहिलं ते नववीचं. एवढं सगळं दहावीच्या आखूड वर्षात कोंबण्यापेक्षा नववी आणि दहावीचं मिळून दोन वर्षांचं एकच नियोजन करावं, असं मला आता वाटतं. नववीत अवयव, काटकोन त्रिकोण आणि आलेख यांना वर्षभर पुन्हा पुन्हा हात लागला, तर दहावीचा जुलै उणे चिन्हांत जाणार नाही. त्यासाठी नववी घेणाऱ्या शिक्षकांबरोबर बसावं लागेल आणि मुलांच्या चुकांच्या खुणा केलेल्या वह्या एप्रिलमध्ये रद्दीत जाऊ न देता पुढच्या वर्गात न्याव्या लागतील. यंदाच्या वह्या मी मुलांकडून मागून घेतल्या आहेत.