एक नंबरवर भेट

दादर स्टेशनच्या एक नंबर प्लॅटफॉर्मवर मी माझ्या आयुष्यातला सव्वा तास नुसता उभा राहून घालवला आहे. साल २००४. आमचं लग्न ठरलं होतं, झालं नव्हतं. मी मुलुंडचा, ती बोरिवलीची. ‘एक नंबरवर भेटू’ असं दोघांनी मोठ्या खात्रीने ठरवलं आणि दोघंही वेळेवर पोचलो. मी मध्य रेल्वेच्या एक नंबरवर, ती पश्चिम रेल्वेच्या. मोबाइल तेव्हा निघाले होते, पण ते साहेब लोकांच्या पट्ट्याला लटकत. सव्वा तासाने आम्ही आपापल्या घरी गेलो आणि स्थळ बेभरवशाचं आहे असं दोघांनीही आपापल्या आईला सांगितलं.

पुढे ९ डिसेंबर २०२३ रोजी रेल्वेला जाग आली. पश्चिमेचे एक ते सात नंबर तसेच राहिले आणि मध्यच्या फलाटांना आठ ते चौदा नंबर मिळाले. आमचा एक नंबर आता आठ नंबर! ‘म्हणजे तेव्हा चुकीच्या जागी तुम्ही उभे होतात,’ ही म्हणाली. एकोणीस वर्षांनी निकाल लागला आणि तोही हिच्या बाजूने.

नाव तेच, जागा वेगळी, या प्रकाराशी माझी दुसरी गाठ पडली ती बँकेत. २०१७ ते २०२० या काळात सरकारी बँकांची लगीनघाई चालली होती. १ एप्रिल २०२० या एका दिवसात दहा बँकांच्या चार झाल्या. या धामधुमीच्या वर्षांत आमची बँकही एका मोठ्या बँकेच्या घरी नांदायला गेली. कोणती ते सांगत नाही. माझी नोकरी अजून शिल्लक आहे. लग्नात नवरीचं फार तर नाव बदलतं, इथे आयएफएससी कोड, चेकबुकं, पासबुकं सगळंच बदलायचं होतं. त्याआधी इकडच्या कशाला तिकडे काय म्हणतात याची यादी करायची होती. या कामाला ‘मॅपिंग’ म्हणतात. त्यासाठी प्रत्येक शाखेतून एक जाणकार माणूस मागवला होता. ज्याच्या जाण्याने शाखेचं काहीच अडत नाही, त्याला अशा वेळी जाणकार म्हणतात. मी गेलो.

मुलुंडहून लोकलने घाटकोपर आणि घाटकोपरहून मेट्रोने चकाला. अंधेरीच्या त्या काचेच्या इमारतीत एक तिशीतला मुलगा आमची वाट बघत होता. त्याचा हुद्दा एंटरप्राइज आर्किटेक्ट. मला वाटलं, हेडऑफिसची नवी बिल्डिंग बांधतायत. पण हा विटांचा आर्किटेक्ट नव्हता. अख्ख्या बँकेचा नकाशा काढायचा, म्हणजे कोण माणूस, कोणतं काम, ते काम कोणत्या सॉफ्टवेअरवर आणि ते सॉफ्टवेअर कोणत्या यंत्रावर, हे चौकोन आणि बाण काढून दाखवायचं, हा त्याचा धंदा.

भानगड अशी होती, की आमच्या बँकेचे नकाशे एका भाषेत काढलेले होते आणि सासरचे दुसऱ्या. आमची भाषा यूएमएल. ती १९९७ मध्ये प्रमाण ठरली, आणि मुळात सॉफ्टवेअर बांधणाऱ्यांची. सासरची भाषा आर्चिमेट. ती २००२ ते २००४ च्या दरम्यान हॉलंडात घडली. घडवणाऱ्यांत एक बँक होती, एक पेन्शन फंड होता आणि तिथलं करखातं होतं. या तिघांनी मिळून केलेल्या गोष्टीत करमणूक शोधू नये.

पहिल्याच दिवशी पडद्यावर काड्यांचा एक माणूस आला. दोन्ही भाषांत तोच माणूस, आणि दोन्हीकडे त्याचं नाव ॲक्टर. मी म्हटलं, ‘हा सोपा आहे. लिहा समान.’

‘नाही काका,’ मुलगा म्हणाला, ‘हाच सगळ्यांना फसवतो.’

त्याने तासभर समजावलं. मला ते समजलं ते ‘तो मी नव्हेच’मुळे. अत्र्यांचं हे नाटक १९६२ साली रंगभूमीवर आलं आणि त्यात प्रभाकर पणशीकर पाच भूमिका करत. आता आर्चिमेटवाल्याला विचारा, ॲक्टर किती? तो म्हणेल, एक. पणशीकर. आणि भूमिका पाच, त्यांचे चौकोन वेगळे काढा. यूएमएलवाला मात्र भूमिकेलाच ॲक्टर म्हणतो. तो पाच काड्यांची पाच माणसं काढेल आणि पणशीकर कुठे आहेत याची चौकशीही करणार नाही. म्हणजे आमचा ॲक्टर त्यांच्या ॲक्टरशी जुळवायचा नाही, त्यांच्या भूमिकेशी जुळवायचा. तोही ‘जवळपास’ म्हणून. कारण यूएमएलचा ॲक्टर नेहमी यंत्रणेच्या बाहेर उभा असतो. बाहेरून बटणं दाबतो. आर्चिमेटचा ॲक्टर संस्थेच्या आतलाही असतो. अठरा वर्षं नोकरी झाल्यावर मी आत आहे की बाहेर, हे अजून ठरायचंच होतं!

मुलाने नाटक पाहिलेलं नव्हतं, पण उदाहरण वहीत लिहून घेतलं. त्यामुळे माझी भीड चेपली. मी म्हटलं, ‘बाळा, हे काम आपल्याकडे जुनं आहे. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास रघुनाथपंत हणमंत्यांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत शब्द दिले, सुमारे चौदाशे. मुजुमदाराचा अमात्य झाला, डबिराचा सुमंत, सुरनिसाचा सचिव आणि वाकनिसाचा मंत्री.’

‘मग ते मॅपिंग टिकलं का?’

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. मुजुमदार, डबीर, सुरनीस, वाकनीस ही मंडळी आडनावं होऊन बिल्डिंगच्या पाट्यांवर सुखात आहेत. मंत्री आणि सचिव मंत्रालयात आहेत. पण वाकनिसाचं काम राजाच्या रोजच्या दिनक्रमाची नोंद ठेवण्याचं. आजच्या मंत्र्याला वही देऊन दुसऱ्याच्या दिनक्रमाची नोंद ठेवायला सांगून बघा! शब्द राहिला, त्याच्या खालचं काम केव्हाच दुसरीकडे गेलं.

‘म्हणूनच काका,’ तो म्हणाला, ‘नाव बघायचं नाही. तो काय करतो, कोणाला उत्तर देतो आणि तो नसला तर कोणाचं अडतं, ते विचारायचं. मग तीनपैकी एक शेरा मारायचा. समान, जवळपास किंवा जुळत नाही. “जुळत नाही” लिहायला लाजू नका. रिकामा चौकोन दिसतो, त्यामुळे कोणीतरी भरतं. चुकीचा बाण कोणालाच दिसत नाही.’

मी मान डोलावली. मान डोलावण्याचा मला अठरा वर्षांचा अनुभव होता.

शेवटच्या दिवशी सहा वाजत आले होते. घाटकोपरच्या पुलावरची गर्दी मला चकाल्यात बसून दिसत होती. यादीत जॉइंट खात्यांचे प्रकार आले. छापलेल्या कागदावर रकाना अरुंद, त्यामुळे पहिला शब्द कापला गेला होता. इकडे ‘ऑर सर्व्हायव्हर’, तिकडेही ‘ऑर सर्व्हायव्हर’. मी लिहिलं, समान. सहा बत्तीसची मेट्रो मिळाली.

बँकांचं लग्न लागलं. काही दिवसांनी माझ्या काउंटरवर एक आजी आल्या. जुनं खातं, आजोबांचं आणि त्यांचं. आजोबा पडून खुब्याचं हाड मोडलेलं, अंथरुणावर. औषधांना आणि बाईला द्यायला पैसे हवे होते. मी स्लिप घेतली, नंबर टाकला. पैसे निघेनात. पडद्यावर आलं, पहिल्या खातेदाराची सही हवी.

‘ते उठू शकत नाहीत रे,’ आजी म्हणाल्या.

तेव्हा मला तो कापलेला शब्द दिसला. आमच्याकडचा प्रकार होता ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’. दोघांपैकी कोणीही पैसे काढावेत. तो जाऊन बसला होता सासरच्या ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’मध्ये. त्यात पहिला हयात असेपर्यंत फक्त पहिल्याची सही चालते. दुसऱ्याची पाळी नंतर. हे मी आजींना जमेल तेवढ्या सौम्य शब्दांत सांगायला गेलो.

आजींनी शांतपणे ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. जेवणाची सुट्टी किती वाजता संपते असं विचारावं, तशा आवाजात त्यांनी विचारलं, ‘म्हणजे हे गेल्यावर येऊ का?’

मागची रांग गप्प झाली. मला यूएमएलमध्ये उत्तर येत नव्हतं, आर्चिमेटमध्ये येत नव्हतं आणि मराठीतही येत नव्हतं.

रेकॉर्डरूमच्या लोखंडी कपाटातून मी त्यांचा मूळ फॉर्म शोधून काढला. १९८७ सालचा, पिवळा पडलेला. निळ्या शाईने ‘आयदर’वर खूण, खाली दोघांच्या सह्या. मॅनेजरसाहेबांनी तो बघितला आणि एक शब्द न बोलता प्रकार दुरुस्त करून घेतला. आजींनी नोटा दोनदा मोजल्या, पिशवीत ठेवल्या आणि मलाच म्हणाल्या, ‘दमलास रे, पाणी पी.’

त्यानंतर चार संध्याकाळी मी शाखेतल्या जॉइंट खात्यांचे जुने फॉर्म काढून एकेक खातं ताडून बघितलं. अंधेरीच्या त्या मुलालाही फोन केला. वाटलं, ओरडेल. तो एवढंच म्हणाला, ‘कितवी ओळ, काका?’ मी ओळ सांगितली. कोणी लिहिली, तेही सांगितलं.

परवा ही म्हणाली, ‘संध्याकाळी दादरला भेटू, एक नंबरवर.’

‘कोणत्या रेल्वेच्या?’

‘आता एकच आहे ना?’

आहे एकच. मला माहीत आहे. तरी विचारून घेतलं.