चढणीचे मासे

रत्नागिरीच्या बाजारात शोभेच्या माशांच्या टाक्या आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. त्यांतला एक मासा मात्र मला दरवेळी थांबवतो. पुढचं अंग निळसर, मागचं केशरी. जणू दोन मासे मधोमध जोडलेत. 'रेनबो' म्हणून विकतात. त्याचं गाव फार दूर, इंडोनेशियाच्या पश्चिम पापुआतली आयामारू तळी. उथळ पाणी, पाणवनस्पतींची दाटी. बोसेमान नावाच्या डच अभ्यासकाने १९५०च्या दशकात हे मासे गोळा केले आणि १९८० साली या जातीला त्याचंच नाव मिळालं. पुढे जगभरच्या हौशी लोकांची नजर पडली. रंग सगळा नराला, मादी बिचारी फिकी. त्यामुळे तळ्यांतून मुख्यतः नरच उपसले गेले. आज दुकानांत येणारे बहुतेक रेनबो पैदास केलेले असतात, पण मूळ तळ्यांतली जात धोक्यात आल्याची नोंद आहे.

हे वाचलं आणि मला आपल्याकडचे पऱ्हेच आठवले.

मिरगाचा पाऊस लागला, पऱ्ह्यांना लाल पाणी आलं की मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात, थेट भातखाचरांपर्यंत. अंडी घालायला. आपल्याकडे त्याच रात्री कंदील आणि पाग घेऊन माणसं निघतात. आमची दादी मासा हातात घेऊन आधी पोट दाबून बघायची. गाबोळी असेल तरच तिचा चेहरा खुलायचा. चव होतीच तशी, नाही म्हणवत नाही! पापुआत नर गेले, आपण वेचून माद्या काढतो. आणि त्याही अंडी घालण्याआधी.

गंमत अशी की याच दिवसांत मिरकरवाड्याच्या यांत्रिक नौका किनाऱ्याला लागलेल्या असतात. माशांच्या विणीचा काळ म्हणून सरकारने समुद्रातली मासेमारी बंद ठेवलेली असते आणि आपण सारे ते मानतो. पऱ्ह्याला मात्र ना बंदर, ना बंदी.

परवा भाचा पाग मागायला आला. म्हटलं, "पहिले आठ दिवस जाऊ देत, त्यांना चढू दे."

"मामू, आपण थांबलो तर वरच्या वाडीतले थांबतील काय?"

प्रश्न रास्त होता. रविवारी दोघांनी वरच्या वाडीत जायचं ठरलंय.