अंगणाचा उतार

नाचता येईना, अंगण वाकडं. चार दिवस झाले, ही म्हण डोक्यातून हलत नाही.

लहानपणी आजीच्या तोंडी ती सारखी असायची. बेरीज चुकली, घावन तव्याला चिकटलं, कुणी काही सबब सांगू लागलं की आजी पहिलं वाक्यसुद्धा पुरं होऊ द्यायची नाही. म्हण ऐकली की समोरचा गप्प बसायचा. आता वाटतं, त्या अंगणाकडे एकदा तरी कुणी वाकून पाहिलं होतं का?

कारण आजीचं अंगण खरंच वाकडं होतं. आमच्याकडे त्याला खळं म्हणतात. पाऊस सरला की दिवाळीआधी ते नव्याने करायचं. माती खणायची, पाणी मारायचं, चोपण्याने दिवसभर चोपायचं, मग शेणाने सारवायचं. हे सगळं चालू असताना आजोबांची नजर एकाच गोष्टीवर असे, उतारावर. अवेळी सर आली तर पाणी पडवीत शिरू नये म्हणून घराकडची बाजू उंच, गडग्याकडची खाली. तुळशीपाशी गोटी ठेवली की ती आपसूक गडग्यापर्यंत जायची. म्हणजे अंगण मुद्दाम वाकडं केलेलं असायचं आणि त्याच्यावरच उभी राहून आजी ही म्हण सांगायची.

मग भगवानदादा आठवतात. पालव हे आडनाव आमच्या मुलखातलं, म्हणूनही असेल. भगवान आबाजी पालव, जन्म १९१३चा. वडील गिरणीत, दादांनीही आधी मजुरीच केलेली. १९५१ साली 'अलबेला' आला. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक तेच. नाटकाच्या वेडापायी घराबाहेर पडावं लागलेल्या एका साध्या तरुणाची गोष्ट. शेजारी गीता बाली, वाहत्या पाण्यासारखी. संगीत सी. रामचंद्रांचं, दादांचा गाता आवाजही त्यांचाच. आणि दादांचा नाच! पाय जागेवरून जेमतेम उचललेले, कोपरं दुमडलेली, मनगटं सैल, खांदा किंचित पुढे, मान आपल्याच नादात. सगळा नाच एका फरशीत मावेल एवढा.

हात पसरले तर दोन्हीकडे भिंत लागेल, अशा दहा बाय दहाच्या खोलीतल्या माणसाचा तो नाच आहे असं मला नेहमी वाटत आलं. विसर्जनाच्या गर्दीत, लग्नाच्या वरातीत तो इतका का रुजला, याचं उत्तरही तिथेच असावं. माझा एक काका एरवी मान वर करून बोलायचा नाही. ताशा वाजला की त्याची कोपरं दुमडायची, एक हात कानाजवळ जायचा आणि गुलालात तो तासभर नाचायचा. त्याला नाच कुणी शिकवला नव्हता. पण आजीनेसुद्धा त्याला कधी ती म्हण ऐकवली नाही.

दादांना पुढे जुहूला २५ खोल्यांचा बंगला मिळाला. आठवड्याच्या सात दिवसांना सात गाड्या होत्या, असं सांगतात. पुढच्या चित्रपटांना 'अलबेला'चं यश काही लाभलं नाही. बंगला गेला, गाड्या गेल्या, छोट्या छोट्या भूमिका करत ते दादरच्या चाळीत राहिले. तिथेच २००२ साली गेले. गणपतीची मिरवणूक त्यांच्या चाळीसमोर थांबायची आणि ते तिच्यासाठी नाचायचे, असं म्हणतात. इथवर आलं की मला म्हण उलटी करावीशी वाटते. नाचता येत होतं, अंगणच वाकडं निघालं.

पण तसं लिहायला हात धजत नाही, कारण ललिता पवार आठवतात. १९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात भगवानदादांना त्यांच्या थोबाडीत मारायची होती. हात जोरात बसला. नायिकेच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, उपचार काही वर्षं चालले, डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिकेच्या भूमिका संपल्या. पुढे 'अनाडी'तल्या मिसेस डिसा त्यांनीच केल्या, 'रामायण'मधली मंथराही. त्या बारीक डोळ्याच्या सासूला घाबरतच आम्ही मोठे झालो. तो डोळा असा का, हे मला फार उशिरा कळलं.

मारण्यात द्वेष नव्हता, नुसता अंदाज चुकला. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगते. तरी परवा 'अलबेला' लावला, तेव्हा नजर पायांकडे गेलीच नाही. ती त्या सैल मनगटावर खिळली. इतका हलका हात. यानेच सगळ्या महाराष्ट्राला नाचायला शिकवलं. यानेच ललिताबाईंचं अंगण कलतं करून टाकलं, आणि तिथे त्या पन्नासेक वर्षं पाय रोवून उभ्या राहिल्या. दोन्ही गोष्टी एकाच हाताच्या नावावर कशा लिहायच्या, ते मला उमगत नाही.

आणि आता ते खळंही पहिल्यासारखं दिसत नाही. पाणी आमच्या पडवीत येऊ नये म्हणून उतार गडग्याकडे होता, एवढंच मी आजवर धरून होते. गडग्यापलीकडे शेजारच्या काकींचं परडं होतं. पावसाळ्यात त्या तिथे फळ्या टाकून चालायच्या.