यादी आणि मैदान

आयपीएलचा लिलाव बघताना मला क्रिकेटपेक्षा दहावीचा निकालच जास्त आठवतो. नाव, आकडा, टाळ्या... आणि ज्याचा आकडा येत नाही त्याच्या घरी शांतता.

नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाला झालेल्या लिलावात आमच्या पालघर जिल्ह्याच्या वाट्याला ही शांतता दोनदा आली. विरारचा पृथ्वी शॉ आणि पालघरचा शार्दुल ठाकूर. दोघांवरही कुणी बोली लावली नाही.

दोघंही पश्चिम रेल्वेने मुंबईला जाऊन क्रिकेट शिकलेले. पण पृथ्वी पहिल्यापासून यादीच्या टोकाला. चौदाव्या वर्षी हॅरिस शील्डमध्ये ५४६ धावा. २०१८ साली त्याच्या नेतृत्वाखाली एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक. त्याच ऑक्टोबरमध्ये राजकोटला पहिल्याच कसोटीत १३४. लगेच पुढची कसोटी हैदराबादला, तिथे शार्दुलचं पदार्पण. दहा चेंडू टाकले आणि दुखापतीने बाहेर! त्या दिवशी दोघांना गुण द्यायला सांगितले असते, तर आपण सगळ्यांनी सारखेच दिले असते.

पुढे काय झालं? डिसेंबर २०२० मध्ये अ‍ॅडलेडच्या कसोटीनंतर पृथ्वी संघाबाहेर गेला. महिनाभराने ब्रिस्बेनला शार्दुल आपली दुसरी कसोटी खेळला. सात बळी आणि पहिल्या डावात ६७ धावा. ती कसोटी आपण जिंकली.

म्हणजे याद्या खोट्या असतात का? तसंही नाही. अमेरिकेत कॉलेज फुटबॉलसाठी शाळकरी मुलांना एक ते पाच तारे देतात. ज्या संघाकडे जास्त ताऱ्यांची मुलं, तो संघ बहुतेक वेळा वर राहतो. पण एकेकट्या मुलाचं भविष्य त्यातून नेमकं कळत नाही. आपल्याकडेही २००८ चा युवा कर्णधार विराट कोहली कुठल्या कुठे गेला. २०१२ चा उन्मुक्त चंद भारताच्या मुख्य संघातून एकही सामना खेळला नाही. विश्वचषक दोघांनीही जिंकलेला.

हे सगळं डोक्यात येण्याचं कारण वेगळंच आहे. आमच्या वाढवणमधला, ओळखीतला एक मुलगा पहाटेच्या गाडीने एका निवड चाचणीला गेला होता. सहा चेंडू टाकायला मिळाले. संध्याकाळी यादी लागली, त्यात नाव नव्हतं. तो काहीच बोलला नाही. वडील म्हणाले, "झालं ना आता? डायच्या कामाला बस."

आमच्याकडे घरोघरी दागिन्यांचे डाय कोरतात, त्यात कमीपणा काहीच नाही. पण मी त्यांना म्हटलं, "दादा, हैदराबादला शार्दुलचे दहा चेंडू झाले होते, ह्याचे तर सहाच झालेत."

यादी करणाऱ्याला हजार मुलांतून वीस निवडायची असतात. त्याला घाई असणारच. पण आईबापांना तेवढी घाई कशाला?

आणि हो, लिलावात न विकलेल्या शार्दुलला लखनौने जखमी गोलंदाजाच्या जागी घेतलं. मार्च २०२५ मध्ये त्याने हैदराबादचे चार गडी बाद केले. पृथ्वीने ऑक्टोबर २०२५ मध्ये महाराष्ट्राकडून रणजीत २२२ केल्या. त्याचं वय तेव्हा पंचविशीतलं. त्याचंही सगळं संपलं असं कुणी म्हणू नये.